सायकल धरून

नोव्हेंबर ते एप्रिल माझा बाप सुरू असायचा.
दारव्ह्याच्या जिनिंगवर काट्याजवळ बसून
दुसऱ्यांच्या कापसाचं वजन लिहायचा,
आणि दहा तारखेच्या मागं-पुढं
आईच्या खात्यात पंधराशे पडायचे.
मे महिन्यात जिनिंग बंद, बाप बंद.

आई म्हणायची,
"का सहाच महिने जेवते का पोट्टी?"
बाप वकिलामार्फत म्हणायचा,
अर्जदार अंगणवाडीत मदतनीस आहे, तिला मानधन मिळते.
मानधन चार-चार महिने येत नाही
हे आमच्या वकिलानं पुढच्या तारखेला सांगायचं ठरलं.
पुढच्या तारखेला साहेब रजेवर होते.

बेबीनंदा विरुद्ध देवानंद.
पट्टेवाल्यानं पुकारलं की वाटायचं
कोणी हौसेनं जुळवून ठेवलीत ही नावं,
मधला तेवढा एक शब्द सोडला तर.

फारकत झाली तेव्हा मी बालवाडीत होते.
नववीत गेले तेव्हा आईनं पोटगी वाढवून मागितली.
मी वाढले होते, रक्कम नव्हती.
उत्तरादाखल बापानं एक यादी लावली,
काट्यावरच्या त्याच सुबक अक्षरात:
बूट, एक जोड.
संत्री, एक पेटी, आंबिया.
चष्म्याची काच, डावी.
सायकल, लेडीज, जुनी, रंग मारून.
एकूण, सायकल धरून, सहा हजार दोनशे चाळीस.

आमचा वकील म्हणाला, ही भेट झाली, भरणा नव्हे.
सायकल धरायची की नाही
यावर तीन तारखा गेल्या.
चौथीला माझी एसटी चुकली,
मी बोरखेडीहून त्याच सायकलवर आले, अकरा किलोमीटर,
आणि कोर्टातल्या लिंबाखाली
हँडल धरून उभी राहिले.
बाप आला. माझ्याकडं नाही, आधी मागच्या चाकाकडं पाहिलं.
वाकून अंगठ्यानं टायर दाबलं.
"हवा कमी हाय."
आई म्हणाली, "तेही लिवा यादीत.
हवा पाह्यली, दोन रुपये."
तो हसला असता,
पण वकील जवळच उभा होता.

निकालात सायकल निम्मी धरली.
कोणती निम्मी, ते लिहिलं नव्हतं.

तारखेच्या दिवशी मी दोनदा खायची.
आई विचारायची, काही खाल्लं का? मी म्हणायची, नाही.
स्टँडसमोर आलुबोंडा, वरून कढी.
मग बाप बाजूला घेऊन विचारायचा,
"खाल्लं का वं काई?" मी म्हणायची, नाही.
तोच ठेला. तीच प्लेट, विसळलेली.
ठेल्यावरचा माणूस मान खाली घालून कांदा कापत राहायचा.

निघताना मुठीत पन्नासची नोट, घामानं मऊ झालेली.
"मायले सांगू नको."
मी नाही सांगितलं.
ना त्याच्या यादीत ती नोट, ना आईच्या वहीत.
मी दप्तराच्या अस्तरात ठेवायची,
आणि एका जूनमध्ये,
वह्या-पुस्तकांचे दिवस, जिनिंगचं फाटक बंद,
तेव्हा दोन नोटा ज्वारीच्या डब्यात खोल खुपसून दिल्या.
आईला सापडल्या. म्हणाली,
"माह्याच असतीन, इसरली असन मी."
मी मान हलवली.

मला अठरा पूर्ण झाली त्या महिन्यात पैसे थांबले,
कायद्यानंच थांबले, भांडणही थांबलं,
दोघांनाही बरेच दिवस करमलं नसावं.

परवा आईची वही हाती लागली.
सलाईन, तीनशे चाळीस. सहलीचे, दिले नाहीत.
मग तो जून. तिच्या तिरप्या अक्षरात:
जमा, शंभर.
कोणाकडून, ते घर कोरं.
आणि खाली बाकी, दरमहाप्रमाणे,
पंधराशे.
शंभर वजा केले नव्हते.